पांढरपेशा चाकरीचे तास



आजच्या विषयाचे नाव छापील पत्रिकेत वाचून काही मंडळी घरीच राहिली असतील. तासांचा हिशेब हा काही वसंतातल्या संध्याकाळी ऐकण्याचा विषय नव्हे, असे त्यांना वाटले असेल, आणि त्यांना दोष देता येणार नाही. परंतु आजची सभाच पाहा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. व्याख्यानाला बोलावून माणूस यायचा तर तो दिवसाच्या कामातून सुटलेला असला पाहिजे, हे अशा प्रत्येक मालेचे गृहीत असते. आज माझ्यासमोर जे श्रोते आहेत त्यांतले बहुसंख्य निवृत्त आहेत. ज्यांची चाकरी अजून चालू आहे असे तिशीतले स्त्रीपुरुष फारच थोडे दिसतात. त्यांना विचारांची आवड उरली नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते, आधी ते या घटकेला कोठे आहेत याची चौकशी करावी.

वकील, सनदी लेखापाल, कर-सल्लागार, वास्तुविशारद, सल्लागार अभियंते, व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्या मंडळ्या, यांच्या कचेऱ्यांत पुण्यामुंबईकडे माणसे आठवड्याला सरासरी किती तास काम करतात, हा माझा प्रश्न आहे. आपल्या औद्योगिक वर्गीकरणात हे सारे एका खात्यात येतात. संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे दुसऱ्या खात्यात मोडतात. पण त्यांच्या दिवसाची तऱ्हा तीच असल्यामुळे मी त्यांनाही ओघात घेणार आहे. हे लोक माल विकत नाहीत, आपल्या डोक्यातली विद्या तासांच्या मापाने विकतात. म्हणून तास हा त्यांच्या धंद्याचा कच्चा माल आहे, असे म्हटले तरी चालेल. आणि गंमत अशी, की ज्या धंद्यात तास हाच माल, त्या धंद्यातच माणसाच्या तासांची खरी नोंद सर्वांत कमी सापडते.

प्रथम सरासरी या शब्दाविषयी दोन शब्द बोलतो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे जे आकडे २०२४ साली वर्तमानपत्रांतून पुष्कळ फिरले, त्यांत भारतातील काम करणाऱ्या माणसाचा सरासरी आठवडा ४६.७ तासांचा दिला होता. कायद्याची मर्यादा ४८ तासांची. म्हणजे सारे आलबेल आहे, असे कोणालाही वाटावे. परंतु त्याच आकड्यांच्या शेजारी दुसरा आकडा होता, आणि तो असा, की निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५१ माणसे, आठवड्याला ४९ तास किंवा त्याहून जास्त राबतात. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. कोणी वीस तासांचे अर्धेमुर्धे काम करतो, कोणी साठ तास घासतो. दोघांची बेरीज करून भागाकार केला की चाळीस येतात, आणि चाळीस तास तर दोघांपैकी कोणीच काम केलेले नसते. तीन फूट खोल आहे असे ऐकून नदीत उतरलेल्या माणसाची जी गत होते, ती सरासरीवर विसंबणाऱ्याची होते.

पांढरपेशा व्यवसायांत ही फसगत आणखी एका कारणाने वाढते, ते म्हणजे हंगाम. शेतकऱ्याप्रमाणेच सनदी लेखापालालाही सुगी असते. आयकराच्या लेखापरीक्षणाचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत सादर करावयाचा असतो. विवरणपत्रांच्या तारखा त्याच्या मागेपुढे असतात. त्यामुळे वर्षाचे काही आठवडे असे येतात, की कचेरीतले दिवे मालवतच नाहीत. एक सोपे गणित मांडतो. समजा, एखादा मुलगा वर्षातले ४४ आठवडे रोज नेमाने सात तास, म्हणजे आठवड्याला ४२ तास काम करतो, आणि उरलेले आठ आठवडे ७५ तासांप्रमाणे काढतो. ७५ तास म्हणजे रविवार सोडून रोज साडेबारा तास. वर्षाची बेरीज झाली २४४८ तास, आणि ५२ ने भागले की सरासरी आली ४७ तास. कायद्याच्या आत! कोणत्याही तपासनिसाने या आकड्यावर बोट ठेवू नये असा हा आकडा आहे. पण त्या आठ आठवड्यांत त्या मुलाने काय खाल्ले, किती झोप घेतली, घरी आजारी बाप होता त्याच्याशी तो किती बोलला, यांतले काहीही त्या सत्तेचाळिसात उतरत नाही.

याच व्यवसायात उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींसाठी, ज्यांना आपण आर्टिकलशिप करणारे म्हणतो, त्यांच्या संस्थेने आठवड्याला ३५ तासांचा नियम घालून दिलेला आहे. नियम शहाणपणाचा आहे. मुलाने कचेरीत शिकावे आणि घरी परीक्षेचा अभ्यासही करावा, हा त्यातला हेतू. आता ज्यांच्या घरात अशी उमेदवारी चालू आहे त्यांनी सप्टेंबर महिन्यात मुलगा किंवा मुलगी किती वाजता घरी परतते ते आठवावे आणि पस्तिसाचा मेळ आपला आपणच घालावा. मी अधिक बोलत नाही.

आता थोडे मागे जातो, कारण तासांचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही, आणि तो प्रथम कोणी धसास लावला हे पांढरपेशा वर्गाने विसरू नये. मुंबईच्या गिरण्यांत गेल्याच्या गेल्या शतकात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले, आणि आठवड्याची सुटी असा काही प्रकार नव्हता. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा भरवल्या, आणि अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज सुशिक्षित माणूस रविवार आपल्या जन्मसिद्ध हक्काचा समजतो. तो मिळवून देण्यात गिरणीतल्या अंगठेबहाद्दरांचा मोठा वाटा आहे.

त्यानंतरची एक हकिकत मला फार बोलकी वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर अंधार पडला की यंत्र थांबे. सूर्य हाच त्या काळचा सर्वांत प्रामाणिक कामगार-अधिकारी होता म्हणा ना! दिवे आले आणि दिवस लांबला. कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. त्यावर ओरड झाली, चौकशी झाली, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. पुढे १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली बारमाही कारखान्यांत ५४, आणि १९४६ साली ४८, अशा पायऱ्या उतरत आपण आलो. त्या शेवटच्या दुरुस्तीचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. साठाचे अठ्ठेचाळीस व्हायला चोवीस वर्षे लागली, हे ध्यानात असू द्या.

दिव्यांची गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली, की आपल्या पिढीने तसाच एक दिवा खिशात घालून घेतला आहे. गिरणीचा कामगार फाटकाबाहेर पडला की काम फाटकाच्या आत राहत असे. भोंगा वाजे, तो साऱ्या परळ-लालबागला ऐकू येई. एका पाळीचे तास किती झाले हे कामगाराच्या बायकोलाही ठाऊक असे. कचेरीला भोंगा नाही. कचेरी आता भ्रमणध्वनीवर, मांडीवरच्या संगणकावर घरात येते, जेवणाच्या ताटाशेजारी बसते. त्यात परदेशी गिऱ्हाइकांचे घड्याळ निराळेच. न्यूयॉर्कला सकाळी नऊ वाजता कचेरी उघडते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे हिंजवडीतल्या मुलाचा सकाळपासूनचा दिवस संपत आला की त्याच्या साहेबाचा सुरू होतो. दोन दिवस एकाच देहात मावत नाहीत. मावतात ते झोपेच्या पोटात शिरून. आणि कोथरुडाहून हिंजवडीला जाण्यायेण्यात जो वेळ वाहनांच्या गर्दीत जातो, तो तर कोणाच्याच खात्यावर मांडला जात नाही. कंपनी त्याला तुमचा वेळ म्हणते, आणि तुमच्या पदरी त्यातले एक मिनिटही पडत नाही.

कायदा काय करतो, असे आपण विचाराल. आपल्या मुंबई इलाख्याने दुकाने आणि व्यापारी कचेऱ्यांतील नोकरांसाठी १९३९ सालीच कायदा केला. या प्रकारचा तो देशातला पहिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली तो नव्याने झाला आणि दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्यात आली. पण विद्येचे व्यवसाय त्यात येतात की नाहीत, हा वाद लवकरच उभा राहिला. हा मुंबईचाच कायदा गुजरातेतही लागू होता. अहमदाबादच्या एका डॉक्टरांनी कायद्यानुसार ठेवायची नोंदवही ठेवली नाही म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९६८ साली निर्णय दिला, की डॉक्टरचा खाजगी दवाखाना म्हणजे व्यापारी आस्थापना नव्हे. कारण व्यवसाय हा स्वतःच्या बुद्धीने आणि कौशल्याने चालतो, तो व्यापार नव्हे. पुढे १९८४ साली केरळच्या कायद्याखाली वकिलाच्या कचेरीविषयीही त्याच न्यायालयाने तसेच म्हटले.

न्यायालयाचा पूर्ण मान राखून मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. विद्येला व्यापार म्हणू नये, हे तत्त्व उदात्त आहे. पण प्रतिष्ठा मालकाची आणि तास कंपाउंडरचे, अशी ही वाटणी झाली. डॉक्टर रात्री दहापर्यंत दवाखाना उघडा ठेवतो तो आपल्या कर्तव्यबुद्धीने, मान्य. पण दाराशी बसून नंबर लावणाऱ्या पोरानेही रात्री दहापर्यंत थांबायचे, ते कोणाच्या कर्तव्यबुद्धीने? महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मग १९७७ साली कायद्यात दुरुस्ती करून या व्यवसायांच्या कचेऱ्यांचा स्पष्ट उल्लेख केला. २०१७ च्या नव्या कायद्यातही डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंता, लेखापाल, कर-सल्लागार यांच्या आस्थापना नावानिशी आहेत.

पण कायद्याचे दार उघडले म्हणून सगळे आत आले असे नव्हे. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी नोकर असलेल्या कचेऱ्यांना त्याच्या बहुतेक बंधनांतून मोकळे सोडले. ऑक्टोबर २०२५ च्या अध्यादेशाने ती मर्यादा वीसवर नेली. आता आपल्या गावातील वकिलांच्या आणि लेखापालांच्या किती कचेऱ्यांत वीस माणसे असतात? जिना चढून गेल्यावर दोन खोल्या, सहा टेबले, एक पंखा आणि छतापर्यंत फायली, हे ज्या व्यवसायाचे नेहमीचे चित्र, त्यातली फार मोठी संख्या त्या एका ओळीने बाहेर पडली. दुसरी गाळणी पदाची. ज्याचे काम विश्वासाचे, देखरेखीचे किंवा व्यवस्थापनाचे समजले जाते, त्याला तासांची मर्यादा लागू नाही. ही तरतूद गोदामाच्या मुखत्याराला किंवा पेढीच्या मुनिमाला ध्यानात घेऊन झाली असेल. पण आज चोविशीतला पदवीधर नोकरीला लागतो तो ‘व्यवस्थापक’ या पदवीचा बिल्ला लावूनच. त्याच्या हाताखाली कोणी नसते. केंद्राच्या नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतही व्यवस्थापकीय काम करणारा, तसेच देखरेखीचे काम करून दरमहा अठरा हजार रुपयांहून अधिक पगार घेणारा, ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. पूर्वी पोटजातीचा अभिमान असे, तसा आता पदनामाचा आहे, आणि त्याची किंमत तासांत चुकती होते.

त्या २०२५ च्या अध्यादेशाने आणखी दोन बदल केले. दिवसाचे नऊ तास दहा झाले. आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर गेली. आठवड्याचे ४८ कायम आहेत, आणि जादा तासांना दुप्पट मोबदला द्यावा लागतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण हिशेब करून पाहा. तिमाहीत तेरा आठवडे. १४४ ला तेराने भागले तर आठवड्याला अकरा तास झाले. अठ्ठेचाळीस आणि अकरा एकोणसाठ. म्हणजे एखादा माणूस तिमाहीभर आठवड्याला ५९ तास काम करत राहिला तरी तिमाहीची मर्यादा ओलांडली जात नाही. आता या एकोणसाठाच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनी मिळून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना करता, ५५ किंवा अधिक तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका शेकडा ३५ ने अधिक, आणि हृदयविकाराने मरण येण्याचा धोका शेकडा १७ ने अधिक, असे त्यांना आढळले. दीर्घ तासांशी निगडित अशा या दोन विकारांनी २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसे गेली, असा त्यांचा अंदाज आहे. पंचावन्नाच्या पलीकडे धोका आहे, आणि कायद्याची वाट एकोणसाठापर्यंत मोकळी आहे.

यावर कोणी म्हणेल, की देश पुढे न्यायचा तर घाम गाळावाच लागेल. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका मोठ्या उद्योगाच्या प्रमुखांनी ९० तासांची भाषा केली. मूर्तींनी स्वतः अपार कष्ट केले, याविषयी शंका नाही. पण स्वतःच्या मालकीच्या झाडाला पाणी घालणे आणि दुसऱ्याच्या मळ्यात रोजंदारीने पाणी धरणे, यांतला फरक कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. आणि अधिक तासांनी अधिक काम होते, हे तरी कितपत खरे आहे? पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी सरकारने १९१५ साली एक समिती नेमली. त्या काळी लढाईच चालू होती. कोणाला सुटी देण्याची हौस नव्हती. समितीच्या लोकांनी प्रत्येक आठवड्याचे तास आणि त्या आठवड्यात तयार झालेल्या मालाची संख्या टिपून ठेवली. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१४ साली, ती टिपणे पुन्हा तपासली. साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढवावे तसे उत्पादन वाढते; त्यापुढे वाढ मंदावत जाते; आणि ७० तासांच्या आठवड्यात निघालेला माल ५६ तासांच्या आठवड्यापेक्षा फारसा जास्त नसतो, असे त्यांना दिसले. म्हणजे वरचे चौदा तास केवळ हजेरीचे!

हे लोखंडाच्या कामाचे झाले. डोक्याच्या कामाचे काय, असा आक्षेप येईल. रास्त आहे. पण बिघडलेला तोफगोळा निदान मोजता येतो. रात्री साडेअकराला थकलेल्या डोळ्यांनी तपासलेल्या ताळेबंदातली चूक त्या रात्री कोणालाच दिसत नाही. ती दोन वर्षांनी नोटीस होऊन येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मी आरंभी म्हटले, की या व्यवसायांतील तासांची खरी नोंद सापडत नाही. याचा अर्थ तास मोजलेच जात नाहीत, असा नव्हे. मोठ्या वकिली पेढ्यांतून आणि लेखापरीक्षणाच्या संस्थांतून ‘टाइमशीट’ नावाचा तक्ता असतो. त्यात कोणत्या अशिलाच्या कामावर किती वेळ गेला हे लिहावे लागते. काही ठिकाणी तर तासाचे दहा भाग करून सहा-सहा मिनिटांची नोंद होते. गिरणीच्या टाइमकीपरला लाजवील असे हे मोजमाप! पण ते कशासाठी? गिऱ्हाइकाचे बिल करण्यासाठी. एखाद्या कामाला आधीच शंभर तास ठरलेले असले आणि प्रत्यक्षात दीडशे लागले, तर वरचे पन्नास लिहायचे कोणी? लिहिले तर वरिष्ठ विचारतो, तुम्हाला इतका वेळ का लागला? मग कनिष्ठ माणूस ते पन्नास तास मुकाट्याने गिळतो. कागदावर आठवडा ४० किंवा ४५ तासांचा निघतो. पुढे तोच कागद सरासरी काढायला वापरला जातो, आणि आपण म्हणतो, बघा, पाश्चात्त्यांच्या बरोबरीने आलो.

केंद्र सरकारच्या श्रमबलाच्या नमुना-पाहणीत घरोघरी जाऊन गेल्या सात दिवसांत रोज किती तास काम केले हे विचारतात. ती पद्धत याहून चांगली आहे. पण पाहणी करणारा दारात येतो तेव्हा साठ तासवाला घरी सापडायचा कसा? उत्तर बहुधा त्याची आई देते.

तिच्या स्वतःच्या तासांचा प्रश्न तर निराळाच आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, ज्यांनी त्या दिवशी बिनमोल घरकाम केले अशा स्त्रियांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाला, आणि अशा पुरुषांचा ९७. आठवड्याचे झाले तिचे सुमारे ३५ तास, त्याचे अकरा. सगळ्याच स्त्रियांची ही सरासरी आहे, कचेरीत जाणारीचे काहीसे कमी असेल हे धरून चाललो. तरीही ७० तासांची भाषा ऐकताना मला नेहमी वाटते, की ती बोलणाऱ्याचे ताट कोणीतरी वाढून ठेवलेले असते.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण पुण्याने २०२४ साली पाहिले. एका मोठ्या लेखा-संस्थेच्या येथील कचेरीत काम करणाऱ्या तरुण सनदी लेखापालाचा मृत्यू झाला, आणि आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामाच्या ताणामुळे हे घडले, हे आईचे म्हणणे. ते संस्थेला मान्य नव्हते. खरे कारण काय होते ते ठरवण्याचा अधिकार मला नाही, आणि त्या कुटुंबाचे दुःख व्याख्यानात वापरण्याचीही माझी इच्छा नाही. मला केवळ एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले, तेव्हा ती कचेरी कित्येक वर्षे चालू असूनही दुकाने व आस्थापना कायद्याखाली तिची नोंदणीच झालेली नव्हती, असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. जी संस्था दुसऱ्यांच्या वह्या तपासते तिच्या स्वतःच्या माणसांच्या तासांची वही सरकारदरबारी कोणी कधी मागितली नव्हती. किती तास काम झाले, या प्रश्नाला आई एक उत्तर देते, संस्था दुसरे देते, आणि दोहोंमध्ये ठेवायला कागद नसतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. तास किती असावेत याविषयी मतभेद राहतील. फ्रान्सने कायद्याने ३५ केले, आपण ४८ वर आहोत, आणि दोघांच्या अडचणी निराळ्या. पण झालेला तास लिहिला जावा, यावर मतभेद कशाला? युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे स्पेनमधील एका कामगार संघटनेने एका बँकेविरुद्ध असाच वाद नेला होता. १४ मे २०१९ रोजी न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक कामगाराने रोज किती वेळ काम केले हे मोजण्याची वस्तुनिष्ठ आणि विश्वसनीय व्यवस्था मालकांना ठेवायला लावली पाहिजे. कारण मोजमापच नसेल तर विश्रांतीचा हक्क सिद्ध करणार कसा? आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी कचेरीनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काचे विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले; खाजगी विधेयकांचे जे होते ते त्याचे झाले. हक्काची गोष्ट चांगलीच. पण मला विचाराल तर वही आधी, हक्क मागाहून. लोखंड्यांच्या वेळी गिरणीचे तास सर्वांना ठाऊक होते म्हणून त्यांवर भांडता आले.

आणि वही ठेवण्यात फार मोठे दिव्य नाही. सहा मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीला माणूस आत कधी आला, बाहेर कधी गेला, आणि घरी गेल्यावर त्याला किती वाजता निरोप पाठवला, हे टिपणे अवघड नाही. महिन्याच्या अखेरीस त्याची एक प्रत त्या माणसाच्या हाती द्यावी. त्यात सरासरी मुळीच देऊ नये. वर्षातला सर्वांत जड आठवडा कोणता आणि तो किती तासांचा, एवढे द्यावे. लहान कचेऱ्यांनी तर हे कायद्याची वाट न पाहता करावे. त्यांचे मालक स्वतःच बहुधा सर्वांत उशिरा घरी जातात, हे मला ठाऊक आहे.

त्यांची बाजू सांगितल्यावाचून खाली बसणे अन्यायाचे होईल. लहान लेखापालाला विचारा, की सप्टेंबरातल्या रात्री कोण जागवतो? तो सरकारचे नाव घेईल, संगणकावरच्या अडून बसणाऱ्या संकेतस्थळाचे घेईल, आणि मग थोडे संकोचून आपले नाव घेईल. होय, आपलेच. या सभागृहात दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, लहान कारखानदार आहेत. वर्ष ३१ मार्चला संपते. बिले, पावत्या, बँकेचे उतारे यांची पिशवी घेऊन आपण लेखापालाच्या जिन्यावर पाऊल ठेवतो ते गणपतीचे विसर्जन झाल्यावर. एप्रिल ते ऑगस्ट त्याची मुले हातावर हात ठेवून बसतात, आणि सप्टेंबरात त्याच मुलांच्या जेवणाचे डबे तसेच परत जातात. मुदत सरकार वाढवते, पण केव्हा? २०२५ साली लेखापरीक्षणाची ३० सप्टेंबरची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले ते २५ सप्टेंबरला. जागून झालेल्या रात्री तोवर जागून झाल्या होत्या. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीस ती आणखी वाढून १० नोव्हेंबर झाली, म्हणजे मधली दिवाळीही त्यातच गेली. या वर्षीची पिशवी मे महिन्यात पोचवायला काही हरकत नाही. कागद सगळे तयारच आहेत.